आपा डावीकडे बसते

“घरी गेलास का रोज सकाळी बायकोची बोटां मोजत जा रे,” सैफ म्हणाला आणि हसला. पण त्याच्या हसण्याला कुणी साथ दिली नाही. शुक्रवारची सकाळ, मधोमध मोठी परात, परातीत घावनं आणि कोंबडीचा रस्सा, भोवती आम्ही चौघं. हाफिजभाईंचा घास तोंडाशी थांबला. माझ्या डावीकडून, म्हणजे माझ्या दृष्टीनं जगाच्या बाहेरून, बिलकिसआपाचा आवाज आला, “गप खा रे सैफ. वाईच मोकळा सोडला का तुझी जीभ सैल सुटते.” आणि सैफ गप्प झाला. आता सैफ हा गप्प होणारा माणूस नव्हे. क्रेनवरून पडून त्याचं कंबरेखालचं शरीर गेलं, पण जिभेला साधं खरचटलंसुद्धा नाही, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. तो गप्प झाला म्हणजे नको ते बोलून गेला होता. मी विचारलं, “कसली बोटं?” हाफिजभाई म्हणाले, “चहा थंड होतोय.” चहा अजून कुणी आणलेलाच नव्हता.

माझ्या जगाला डावी बाजू नाही. हे आंधळेपण नव्हे. डोळे दोन्ही धड आहेत, डॉक्टरांनी पुन्हा पुन्हा तपासलेत. माझी कवटी उजवीकडून फुटली आणि डावीकडची ओढच संपली. परातीत डावीकडे घावन आहे हे मला दिसत नाही असं नाही, ते असेल असं मनातच येत नाही. मी अर्ध्या गालाची दाढी करतो आणि झाली म्हणतो. चाकाची खुर्ची दारातून नेताना डावा खांदा चौकटीवर आपटतो आणि मी चौकटीच्या आईबापांचा उद्धार करतो. डाव्या कुशीला एक हात लोंबतो. तो माझा आहे असं सगळ्यांचं म्हणणं. पहिले कित्येक महिने तो मला कुणीतरी माझ्या अंथरुणात आणून टाकलेला मेलेल्या माणसाचा हात वाटायचा, गार आणि जड. एकदा मी त्याला उजव्या हातानं धरून पलंगाखाली भिरकावला आणि त्याच्या मागोमाग स्वतःच फरशीवर तोंडघशी पडलो. त्या हाताला मी चिमटे काढलेत, चावलोय, एकदा जेवणाच्या काट्यानं भोसकलाय. काटा आत गेला तेव्हा काहीच दुखलं नाही, फक्त रक्त आलं, आणि ते माझ्याच चादरीवर का यावं याचा मला भयंकर संताप आला होता. माझ्या आयुष्याचं जे काही वाटोळं झालं ते या परक्या हातानं केलं, असं मी धरून चाललो होतो.

अपघाताचं काही आठवत नाही असं मी लोकांना सांगतो. आठवतं म्हटलं की लोक खुर्ची पुढं ओढतात. इथं आखातात, सलवा रोडवर चांगलं लख्ख ऊन होतं. मागं एक पांढरी लँड क्रूझर चिकटली होती आणि दिवे मारत होती, बाजूला हो, बाजूला हो. मी झालो नाही. का होऊ? वेस्ट बेमधल्या एका टॉवरचं काम माझ्याकडं होतं, माझ्या वेळापत्रकावर शेकडो माणसं जिने चढत-उतरत होती, आणि हा कोण लागून गेला मला बाजूला सारणारा? त्यानं उजवीकडून घुसवली. मग लोखंड चिरडल्याचा आवाज, आणि तोंडात काच. काच चावल्यावर होते ती कचकच अजूनही भातात खडा लागला की माझ्या दाढेत परत येते, आणि मग ताट भिंतीवर जातं. दवाखान्यात त्यांनी कवटीचा एक तुकडा काढून ठेवला आणि सूज उतरल्यावर परत बसवला, डब्याचं झाकण बसवावं तसा. झाकण नीट बसलं. मधल्या काळात आतलं काय काय सांडलं ते कुणी पाहिलं नाही.

मला राग येतो, असं सगळे म्हणतात. ते चूक आहे. राग येताना माणसाला कळतो, कानशिलं तापतात, शब्द सुचतात. माझं तसं होत नाही. माझ्या आतला दिवा जातो. दिवा परत येतो तेव्हा खोलीतली एखादी वस्तू मोडलेली असते आणि माणसं भिंतीला टेकून उभी असतात. मधलं काहीच माझ्याकडं नसतं. आणि दिवा असतो तेव्हाही मी काही संत नसतो. दवाखान्यातली थेरपिस्ट लहान मुलाशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणायची, ‘व्हेरी गुड, यशोधन,’ आणि मला तिचे दात एकेक उपटून टेबलावर ओळीनं मांडावेसे वाटायचे. मी हसायचो. ती म्हणायची, ‘लुक, ही इज स्मायलिंग.’

अल सद्दच्या फ्लॅटमध्ये तेजश्रीनं मला पहिल्यांदा आणलं तेव्हा तिनं दारावर तोरण लावलं होतं. ऑफिसातून रजा घेतली होती, पलंगाला कठडे करून घेतले होते, न्हाणीघरातली काच काढून टाकली होती. बायकोनं जे जे करावं ते सगळं तिनं केलं आणि एकच चूक केली. मी बेसिनसमोर दाढी करत होतो. ती डावीकडून आली आणि हळूच खांद्यावर हात ठेवून म्हणाली, ‘हा गाल राहिला रे.’ तेवढं मला आठवतं. पुढचं आठवतं ते बेसिनचं भांडं, त्यात दाढीचा फेस, फेसात तांबडं, आणि खाली फरशीवर बसलेली तेजश्री. तिच्या ओंजळीत तिचा दात होता आणि ती तो मला दाखवत होती, जणू मीच ओळखायचा होता कुणाचा आहे ते. गालाचं हाड मोडलं होतं. ऑफिसात तिनं सांगितलं, जिन्यावरून पडले. त्या इमारतीला लिफ्ट आहे आणि आम्ही पहिल्या मजल्यावर राहत होतो.

मग दवाखान्यातल्या मरियम सिस्टरनं तिला अल थुमामातलं हे घर सांगितलं. एका व्हिलाचा मागचा भाग, पुढं फरशीचं अंगण, डोक्यावरून सतत विमानं. हाफिजभाई आणि बिलकिसआपा हे नवराबायको मूळचे दापोलीकडचे. हाफिजभाईंचा धाकटा भाऊ इथंच कामावर खड्ड्यात पडून लुळा झाला होता. त्याचं सगळं आपानं केलं. तो गेला, पण त्याचा पलंग रिकामा बघणं तिला जमेना, म्हणून दुसरा आला, मग तिसरा. तिच्या घरात पेशंट हा शब्द चालत नाही. आलेल्याला पहिल्या दिवशी नातं मिळतं आणि दुसऱ्या दिवशी काम. सैफ तिचा आतेभाऊ झाला आणि लसूण सोलायला बसला. मी सख्खा धाकटा भाऊ झालो आणि तांदूळ निवडायला बसलो. उजव्या बाजूचे खडे मी काढायचो, डाव्या बाजूचे सगळ्यांच्या पोटात जायचे. औषध घेतलं नाही की आपा सरळ शिव्या द्यायची. मी रडलो की म्हणायची, “रड, पण शेंगा सोलता सोलता रड.” तिनं मला पहिल्यांदा गाढव म्हटलं त्या दिवशी मला अपघातानंतर पहिल्यांदा झोप लागली, कारण गाढव म्हणायला समोर माणूस असावा लागतो. आणि ती माझ्या डावीकडे बसायची. थेरपिस्टनंच सुचवलं होतं, याच्या डावीकडून बोला, डावीकडून भरवा, म्हणजे मेंदू तिकडं वळायला शिकेल. बाकी कुणी धजेना, कारण डावीकडून कुणी आलं की मी दचकतो आणि दचकलो की मारतो. आपा धजली. ती माझा मेलेला हात उचलून परातीच्या काठावर ठेवायची आणि म्हणायची, “ह्यो पण घरचाच हाय, ह्याला उपाशी नको ठेवूस.”

डॉक्टरांनी तेजश्रीला सांगितलं होतं, ही थंडी याचा हात उठला नाही तर घरी न्यायला हरकत नाही. दर शुक्रवारी ती यायची आणि चपला काढायच्या आधी आपाला विचारायची, “काही झालं का?” आणि माझ्या डावीकडून उत्तर यायचं, “काय व्हायचा हाय? गाय हाय गाय.” तेजश्री हसायची. हसताना एका बाजूनं गाल अजून वर जात नाही, तेवढं मला उजवीकडून दिसायचं. अशी थंडी सरत आली होती. आज नमाजनंतर ती मला न्यायला येणार होती. माझी बॅग भरून दाराशी ठेवलेली होती.

न्याहारी उरकली. हाफिजभाई अंघोळ करून अत्तर लावून मशिदीत गेले, आपा आत भांडी आवाज न करता घासायला लागली. तीच मला खटकली, भांडी. आपा भांडी घासते तेव्हा शेजारच्या व्हिलातल्या लोकांना कळतं. मी एका हातानं चाक ढकलत आणि उजव्या पायानं दिशा धरत सैफपाशी गेलो. एका हातानं ढकललेली खुर्ची गोल फिरते, सरळ जायला वाकडं जावं लागतं. सैफ मान खाली घालून लसूण सोलत होता.

“कुणाची बोटं, सैफ?”

“मस्करी केली रे.”

“तू मस्करी केलीस की आपण हसतो.”

त्यानं एक पाकळी नखानं सोलून सोलून संपवली. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, “माझ्या गळ्यात नको घालूस. तू आज जाशील निघून, मना हयच ऱ्हायचा हाय.”

हा आवाज मला ओळखीचा होता. मिरजेच्या आमच्या घरात सगळे याच आवाजात बोलायचे. माझे वडील वसंतराव हे बँकेतले मोठे अधिकारी, गावात मान, गणपतीत आरतीला पहिले उभे. आणि घरात आईचा दंड कधी हिरवा, कधी पिवळा. आई, सरोजिनीबाई, सांगायची, न्हाणीत पाय घसरला. आमच्या न्हाणीत ती इतकी घसरली की नगरपालिकेनं ती न्हाणी कुलूप लावून बंदच करायला हवी होती. आत्या यायची, आईच्या दंडाकडे बघायची, ताकाचा पेला संपवायची आणि जाताना म्हणायची, “झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी.” मोलकरणीला माहीत होतं, शेजाऱ्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त वडिलांना. खरंच सांगतो, त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते आईला विचारायचे, ‘हे काय लागलं?’ आणि त्यांचा चेहरा अगदी काळजीचा असायचा. मला वाटायचं हा माणूस नाटक करतोय, आणि मी मनातल्या मनात त्यांना वरवंट्यानं ठेचायचो, डोक्यापासून सुरुवात करून. लग्न ठरलं तेव्हा तेजश्रीला मी स्वयंपाकाबद्दल खोटं सांगितलं, पगाराबद्दल थोडं वाढवून सांगितलं, पण एक गोष्ट शपथेवर सांगितली. म्हटलं, आमच्या घरातला मार माझ्यापाशी थांबेल.

बॅगेजवळ खुर्ची नेऊन मी बसलो आणि आठवायला लागलो. आठवण ही अशी वस्तू आहे की जिथं ती नाही तिथं आजूबाजूचं चाचपावं लागतं, पडलेल्या दाताच्या जागी जीभ फिरवावी तसं. या आठवड्यात माझ्या सदऱ्याची बाही फाटलेली होती आणि आपानं ती शिवून दिली, टाके वेडेवाकडे. आपा शिवणात पटाईत. परवा मला नेहमीपेक्षा जास्त गुंगी होती आणि तोंडाला लोखंडी चव होती; मी समजलो औषध बदललं. मग मला भाकरी आठवली. या घरात रोज तांदळाची भाकरी असते, आपा ती दोन्ही तळव्यांवर थापते आणि तो थापण्याचा आवाज भिंतीपलीकडून आला की मी उठतो. या आठवड्यात तो आवाज नव्हता. सबंध आठवडा घावनं होती. घावनाचं पीठ पळीनं ओततात, एक हात पुरतो. ही साधी गोष्ट मला चांगला अर्धा तास घेऊन बसली. आणि मग त्याहून साधी गोष्ट सुचली. माझा डावा हात मेलेला आहे. तो कुणाला मारूच शकत नाही. इतके दिवस मी त्या बिचाऱ्याला भोसकत होतो, आणि तेजश्रीचा दात पाडणारा, सही करणारा, घास घेणारा, आता मांडीवर गुमान पालथा पडलेला हा उजवा होता. याच्यावर मी कधी संशयसुद्धा घेतला नव्हता.

तरी मी खुर्ची वळवून स्वयंपाकघरात गेलो नाही. मला घरी जायचं होतं. हे सांगायला मला लाज वाटत नाही. मला माझा पलंग हवा होता, तेजश्रीच्या केसांच्या तेलाचा वास हवा होता, फ्रीजवर चिकटवलेले आमचे फालतू फोटो हवे होते, कुणाचाही भाऊ न होता निव्वळ नवरा व्हायचं होतं. आणि सगळं किती सोपं होतं! मला काही करायचंच नव्हतं. डावीकडे बघायचं नव्हतं, एवढंच. इतके दिवस बघता येत नव्हतं म्हणून बघितलं नाही, आज अजून थोडा वेळ बघायचं नाही. मग गाडी, मग अल सद्द, मग लिफ्ट. मशिदीच्या कर्ण्यावरून खुतब्याचा, शुक्रवारच्या प्रवचनाचा, आवाज येत होता, वरून एक विमान इतकं खाली गेलं की खिडकीची काच थरथरली, आणि माझ्या वडिलांचा तो काळजीचा चेहरा माझ्या चेहऱ्याच्या आतून बाहेर यायला लागला. तो चेहरा मी नखांनी ओरबाडून काढला असता. नाटक नव्हतं ते, हे मला तेव्हा कळलं. त्या माणसानं फक्त मान वळवली नव्हती, आयुष्यभर.

तेजश्री आली ती निळा कुडता घालून, बांगड्या वाजवत. सैफसाठी खजूर, आपासाठी साडीचा खोका. तिनं चपला काढायच्या आधी विचारलं, “काही झालं का?” आणि उत्तराची वाट न पाहता बोलत सुटली. ऑफिसनं घरून काम करायला परवानगी दिलीय, मॅनेजर चक्क माणूस निघाला. बेसिनसमोर मोठा आरसा लावलाय, तुला दोन्ही गाल दिसतील असा. खालच्या मजल्यावरचा फ्लॅट मिळतोय, बाल्कनी आहे. ती माझ्या उजवीकडे बसली होती. इतक्या दिवसांत ती पुन्हा कधी डावीकडून आली नव्हती. तिच्या बोलण्यात एक घाई होती, सामान बांधून झालेल्या माणसाची. दाराशी हाफिजभाईंच्या चपला वाजल्या, ते टोपी हातात घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. सैफनं खजुराचा डबा उघडला आणि परत बंद केला. “घेऊन जा गं बाय,” माझ्या डावीकडून आपा म्हणाली, “गाय हाय माझा भाऊ. निवळला पार.”

“आपा,” मी म्हणालो, “माझ्या समोर येऊन बस.”

“हयच बरी हाय मी.”

“ये ना.”

“कामां पडल्यात मला. यल्ला, चला, बॅग उचला कुनीतरी.”

डावीकडे बघ म्हणून मी मेंदूला सांगितलं तर तो ऐकत नाही. तो म्हणतो, बघितलं, आणि तिथंच थांबतो. म्हणून मी उजव्या हातानं स्वतःची हनुवटी पकडली आणि मान पिरगाळली. मानेत काहीतरी कटकन वाजलं. भिंत सरकली, खिडकी सरकली, मग जिथं काहीच नसतं त्या जागेत एक ओढणी आली, ओढणीखालून एक हात. आपानं तो ओढून घेतला. मी हनुवटी सोडून ओढणी धरली आणि हिसडली. तिच्या डाव्या हाताच्या दोन बोटांवर जाड पट्टी होती, एका पट्टीतलं बोट जिथं संपायला हवं त्याच्या आधीच संपत होतं. मनगटापासून कोपरापर्यंत दातांचे अर्धगोल होते, काही ताजे, काही पिवळे पडलेले, एकावर एक, कितीतरी आठवड्यांचे. माझे दात थोडे वाकडे आहेत, समोरचा एक पुढं आलाय. प्रत्येक अर्धगोलात तो दात होता.

“आपाचा हात बघ, तेजू,” मी म्हणालो. “मी मारतो अजून. चावतो. थांबलेलं नाही.”

“दारात सापडला तो,” आपा म्हणाली. मिरजेत असती तर न्हाणीत घसरली असती.

हाफिजभाई उंबऱ्यातून म्हणाले, “मी सांगत होतो तुला, बिलकिस.” तेजश्री उठली, माझ्यामागून वळसा घालून आपासमोर गेली. तिनं आपाचा हात आपल्या हातात घेतला, बाही वर सारली, खांद्यापर्यंत, आणि बघत राहिली. ती रडेल असं मला वाटलं. ती ओरडली.

“आणि आज तुम्ही याला माझ्या घरी पाठवत होता?”

“बायकोजवळ गेला का निवांत होईल, बाय,” आपा म्हणाली. मी तिचा इतका बारीक आवाज कधी ऐकला नव्हता. “पुरुषमानूस घराबाहेर ऱ्हायला का बिघडतो. माझा थोरला भाऊस तसाच होता, तोडफोड करायचा. लगीन लावला आनि गुमान झाला. मी बोलले असते तर डाक्टरनी पाठवला नसता, हाफिजनी त्याला बंद वार्डात टाकला असता. तू किती वाट बघणार व्हतीस? एक दिवस तू येयाची बंद झाली असतीस. मग त्याला कोन?”

“तुमचा भाऊ गुमान झाला,” तेजश्री म्हणाली. “आणि त्याची बायको?”

हे आपानं त्या क्षणापर्यंत स्वतःला कधी विचारलंच नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसलं. ती खाली बसली आणि चांगला हात डोक्यावर मारून घ्यायला लागली. सैफ तिला हाका मारत होता, त्याला उठता येत नव्हतं, त्यानं परात ओढून फरशीवर आपटली. माझ्या कानात ती परात वाजत राहिली आणि मला वाटलं आता दिवा जाणार. मी उजवा हात मांडीखाली घालून त्याच्यावर बसलो. सगळं वजन त्याच्यावर टाकलं. दिवा फडफडला आणि राहिला.

मला वाटत होतं, झालं. आता तेजश्री जाईल. खोका इथंच ठेवून जाईल, खालच्या मजल्यावरचा फ्लॅट घेईल की नाही माहीत नाही, पण आज रात्री दार आतून लावून निवांत झोपेल. मी हरलो होतो आणि मला ओरडावंसं वाटत होतं, पण त्याखाली कुठंतरी बरंही वाटत होतं. मग माझ्या खुर्चीच्या चाकांचे ब्रेक कुणीतरी काढले. बॅग माझ्या मांडीवर आदळली.

“चल,” तेजश्री माझ्या मागून म्हणाली.

“कुठं?”

“घरी. आणखी कुठं?”

“तू बघितलंस ना?”

“बघितलं.” तिनं खुर्ची ढकलायला सुरुवात केलीसुद्धा. “माझ्या वाटणीचा मार ही बाई खाते आणि मी दर शुक्रवारी खजूर घेऊन पाहुणीसारखी येते. लाज वाटली मला. माझा नवरा आहेस तू. मारायचं तर मला मार. खलास. लोकांच्या बायकांना नको.”

तिच्या आवाजात माझी आई होती. तेजश्रीच्या आवाजात, तिच्या कोल्हापुरी ठसक्यात, ऑफिसच्या अत्तरात, माझी आई उभी राहून बोलत होती आणि अभिमानानं बोलत होती. मी म्हणालो, नको. ती ढकलत राहिली. मी म्हणालो, थांब. हाफिजभाई उंबऱ्यातून बाजूला झाले, कुणीही नवराबायकोच्या मधून बाजूला होतं तसे. उंबरा आला, बाहेरचं ऊन आलं, आणि मांडीखालचा हात मी ओढून काढला आणि चौकट पकडली.

खुर्ची तिरपी झाली. तिनं जोर लावला. माझा डावा खांदा चौकटीच्या दुसऱ्या बाजूवर आपटला असावा, आवाज आला. मी सोडलं नाही. ती पुढं आली आणि माझी बोटं एकेक करून सोडवायला लागली, लहान मुलाच्या मुठीतून काहीतरी काढावं तशी. एक सोडवलं की मी दुसरं घट्ट करायचो. “सोड यशोधन,” ती म्हणाली, “सोड, लोक बघतायत, सोड ना रे.” मग तिनं मूठ वळली आणि माझ्या हातावर मारली. एकदा, मग पुन्हा, मग जोरानं, तिच्या बांगड्या फुटल्या आणि काच माझ्या बोटांत शिरली, तिचा मोडलेला गाल थरथरत होता, आणि इतक्या महिन्यांचं सगळं, तो दात, ती लिफ्ट असलेली इमारत, ते शुक्रवार, सगळं ती माझ्या बोटांवर कुटत होती. हाड मोडल्यासारखी कळ खांद्यापर्यंत गेली. आपा मागून ओरडत होती, सोड गं, सोड त्याला. पण हात तिथंच होता, तो कुणाला मारत नव्हता, आणि तो माझा होता.

“मार,” मी तिला सांगत होतो, “हवं तेवढं मार तेजू, पण नेऊ नकोस.”